कोरी चिठ्ठी

यवतमाळ
१२ जानेवारी २०२५

प्रेरणा,

सलाम. तू माझा नंबर बंद करून ठेवला आहेस, म्हणून कागद घेतला. चार महिने वाट पाहिली. शाळेत मी मुलींना वर्गाबाहेर उभं करायचे, तरी तासिका संपली की आत घ्यायचे. तुझी तासिका अजून संपलेली दिसत नाही.

आधी कामाचं. तुझं बी.एड.चं मूळ प्रमाणपत्र माझ्या कपाटात आहे. अश्वजितला पाठव, जावयाच्या हातीच देईन, पोस्टाने पाठवणार नाही. नाताळच्या करंज्या तुझ्या वाट्याच्या डब्यात काढून ठेवल्या होत्या. खवट व्हायला लागल्या तेव्हा शेजारी वाटल्या.

आता तुझ्या आरोपांबद्दल. सप्टेंबरमधल्या त्या रविवारी मी जे केलं, ते गेली बावीस वर्षं दर रविवारी करते. चर्चमध्ये प्रवचनाआधी मंडळीच्या सेक्रेटरीने, म्हणजे मी, प्रार्थनेच्या पेटीतल्या चिठ्ठ्या काढायच्या, मोठ्याने वाचायच्या आणि मंडळीने उभं राहून प्रार्थना करायची. चिठ्ठीवर नाव नसतं. त्या दिवशी चौथी चिठ्ठी मी वाचली: आपल्यातल्या एका लेकीच्या पोटातल्या बाळाची कवटी तयार झालेली नाही, डॉक्टर गर्भ काढायला सांगतात, तिच्या हातून पाप घडू नये म्हणून प्रार्थना करा. मंडळीत तेव्हा पाचवा महिना लागलेली तू एकटीच होतीस, हे खरं. सगळ्या माना तुझ्याकडे वळल्या, हेही खरं. तू अश्वजितला सांगितलंस ते मला कळलं आहे, की मम्मीला ती चिठ्ठी न वाचता घडी घालून ठेवता आली असती. आली असती. पण बावीस वर्षं मी कोणाची चिठ्ठी लपवली नाही. लेकीसाठी नियम मोडला असता तर उद्या कोणाला काय सांगितलं असतं?

ती कोणी लिहिली, हा तुझा दुसरा प्रश्न. बाळाचं तीनच माणसांना ठाऊक होतं. अश्वजित, मी, आणि सोनोग्राफीला तुझ्याबरोबर आलेली ममता. तू हिशोब केलास आणि ममताशी बोलणं सोडलंस. पहिलीपासूनची मैत्रीण. त्यात मी पडले नाही. मी कोणाचं नाव घेतलेलं नाही आणि घेणार नाही.

त्या मंगळवारी तू दवाखान्यात दाखल झालीस. मी आले नाही. जे मला मान्य नाही तिथे मी उभी राहत नाही, हे तू लहानपणापासून पाहिलं आहेस. अश्वजितने बाळासाठी आपल्या दफनभूमीत जागा मागितली, तेव्हा नियमात बसत नाही एवढंच सांगितलं. शांतवनच्या शेजारी जागा हवी, असं तो म्हणाला. शांतवनचं नाव त्याने घ्यायला नको होतं.

मी तुला जगावेगळं काही सांगत नव्हते. १९८४ साली ज्यातून मी गेले, त्यातूनच जा म्हणत होते. शांतवनलाही, तुझ्या भावालाही, कवटी नव्हती. तो सहा तास जगला. ते सहा तास मी कसे काढले हे तू अधिवेशनात मी सगळ्यांसमोर देते त्या साक्षीत दर वर्षी ऐकलं आहेस. तू फोनवर म्हणालीस, "मम्मी, तुझ्याइतकी ताकद माझ्यात नाही." ताकद कोणातच नसते. देव देतो.

रक्त कमी होतं तुझं. लोहाच्या गोळ्या चहाबरोबर घेऊ नकोस.

मम्मी

यवतमाळ
९ मार्च २०२५

प्रेरणा,

अश्वजित काल आला होता. मोटरसायकलवर आर्णीहून, डोक्याला रुमाल बांधून. हेल्मेटवरून बोलले. तो म्हणाला, "मम्मी, हेल्मेट हाय ना, डिक्कीत." मोटरसायकलला डिक्की नसते, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

प्रमाणपत्र दिलं. जेवायला वाढलं. मी विचारलं, माझं पत्र पोचलं का?

"पोचलं."

"वाचलं तिने?"

"फोडलं नाई. पर फेकलंबी नाई. कपाटात साड्याईच्या खाली ठेवलं हाय."

म्हणजे हेही तिथेच जाणार. जाऊ दे. लिहिणं माझ्या हातात आहे, तेवढं करते.

तो फार बोलत नाही, हा त्याचा गुण मला आधीपासून पटतो. तुझं लग्न ठरलं तेव्हा मी बौद्ध घराला नाही म्हटलं होतं आणि तीन महिने त्याला चहाही विचारला नव्हता. त्याने ते कधी काढलं नाही. काल शेतीचं विचारलं तर म्हणाला, "तूर बरी झाली. कापणीच्या वख्ती बायाईले सांगून ठेवलं होतं, का अर्पिताजवळची चार झाडं कापू नका."

मी विचारलं, "अर्पिता कोण?"

त्याचा घास हातातच राहिला. माझ्याकडे पाहिलं. मग खाली मान घालून म्हणाला, "तुमची नात, मम्मी."

प्रेरणा, तू तिचं नाव ठेवलंस हे मला माहीत नव्हतं. मुलगी होती हेही माहीत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.

मग त्याने सांगितलं, मी न विचारता. चौदा तास कळा आल्या. सिस्टर म्हणाली, बघू नका, त्रास होईल. तू म्हणालीस, आणा इकडे. टॉवेलात गुंडाळलेली ती तासभर तुझ्या छातीवर होती. नंतर त्याने तिला आर्णीला नेलं आणि बांधावरच्या हिवराच्या झाडाखाली मातीत ठेवलं. त्याच्या आईने तिथे मेणबत्ती लावली. दफनभूमीत जागा नाही म्हणणारी मी त्या वेळी इथे घरात बसून मंडळीच्या पंचकमिटीच्या सभेचं इतिवृत्त लिहीत होते.

निघताना दाराशी थांबला. म्हणाला, "तुमाले सांगू का नाई, हे तिनं नाई सांगितलं. पर सांगतो. पुन्हा दिवस हायेत. पंधरा एप्रिलले सोनोग्राफी हाय."

मी विचारलं, "बरोबर कोण जाणार?"

"कोणीच नाई. मलेबी नको म्हणते. म्हणते, मांगच्या खेपेले जे जे आले त्याईच्यातूनच गोष्ट बाहेर गेली. आता एकटीच जाईन."

"आणि ममता?"

"तिचं नाव काढलं का जेवत नाई ते."

तो गेल्यावर मी भांडी घासली. दोनदा घासली. मला तुला काही सांगायचं आहे. आज नाही.

मम्मी

यवतमाळ
१९ मार्च २०२५

प्रेरणा,

परवा लोहाऱ्याला जाऊन आले. एमआयडीसीच्या अलीकडे वस्ती आहे, तिथे कांताबाई नातवाकडे राहतात. तुला आठवणार नाहीत. मी बाळंत झाले त्या दवाखान्यात त्या आया होत्या. शांतवनच्या जन्माच्या दिवशी त्यांची ड्युटी होती. एक्केचाळीस वर्षांत मी त्यांना एकदाही भेटले नाही. यवतमाळ केवढं आहे, तुला माहीत आहे. टाळल्याशिवाय असं होत नाही.

कांताबाई खाटेवर बसून लसूण सोलत होत्या. मी नाव सांगितलं, सालही सांगितलं.

"थांबा, चष्मा लावू द्या. शीलाबाई मास्तरीण? तवा लई करारी होत्या तुमी. सिस्टरबी भ्याये तुमाले. आता पा, माह्यावाणीच झाल्या."

मी म्हटलं, "बाळाचं आठवतं का? कवटी नव्हती ते."

"पोरगा. न आठवाले काय झालं? हातातून गेलेलं लेकरू इसरते काय कोणी?"

"मी काय केलं होतं, कांताबाई?"

"तुमी? तुमी काईच नाई केलं. भिंतीकडं तोंड करून पडल्या होत्या. सिस्टर म्हणे, एक डाव घ्या. तुमी म्हटलं, घेऊन जा. मंग मी घेतला. लुगड्याचं फाडून टोपरं बांधलं त्याच्या डोक्याले. टोपरं बांधल्यावर गोड दिसे."

"त्याच्याजवळ किती वेळ होतात?"

"गेलाच तो, दिवस मावळता. ड्युटी दोनले संपली होती माही. पर बोट धरून ठेवलं होतं त्यानं माहं, सोडवू कशी? तुमच्या देवाचं गाणं मले येत नव्हतं. मंग दळणाचं म्हटलं, आपलंच."

चाळीस वर्षं विज्ञान शिकवलं मी. ती पकड मेंदूतून येत नाही, मणक्यातून येते, हे मला ठाऊक आहे. मेंदू नसलेलं बाळही बोट धरतं. मी हे कांताबाईंना सांगितलं नाही. तुला का सांगते आहे, कळत नाही.

आता नीट ऐक, म्हणजे वाच, कधी वाचशील तेव्हा. माझ्या साक्षीत सातव्या महिन्यात डॉक्टर येतात. ते मला सांगतात की बाळ जगणार नाही, आताच मोकळी करतो. आणि मी म्हणते, देवाने दिलं, देवच नेईल. मग मी त्याला सहा तास मांडीवर घेते, गीतं गाते आणि त्याचं नाव शांतवन ठेवते. तू ही साक्ष पाळण्यातून ऐकत आलीस. अधिवेशनात तुला माझ्या शेजारी उभं करून म्हणायचे, ही शांतवनची बहीण.

तसं काही झालं नव्हतं. मला कोणी काही सांगितलं नव्हतं. माझी सोनोग्राफी झाली नव्हती. तो जन्मला तेव्हा कळलं. मला कोणी विचारलंच नव्हतं, प्रेरणा, त्यामुळे मी कशाला नाही म्हणायचा प्रश्नच आला नाही. सातव्या महिन्यातले ते डॉक्टर मी १९९० साली महिला संघाच्या अधिवेशनात पहिल्यांदा बोलावले. तुला नुकतं वर्ष झालं होतं. व्यासपीठावर उभी राहिले आणि त्याच्याकडे पाठ फिरवली होती हे तोंडातून निघेना, म्हणून दुसरं निघालं. शांतवन हे नावही तिथेच ठेवलं. बायका रडल्या. पुढच्या वर्षी पुन्हा बोलावलं. साक्ष दर वर्षी थोडी वाढली.

तुझे पप्पा त्या दिवशी दवाखान्याच्या व्हरांड्यात होते. मातीही त्यांनीच दिली. मी साक्षीला उभी राहिले की ते आपल्या चपलांकडे बघत बसायचे. घरी येताना एकदाच म्हणाले, "शीला, मी तर बाहेरच होतो." मी म्हटलं, "म्हणूनच तुम्हाला माहीत नाही." त्यानंतर ते बोलले नाहीत. जाईपर्यंत बोलले नाहीत.

तू ज्या ताकदीपुढे स्वतःला कमी समजलीस, ती माझ्यात कधी नव्हती.

एवढं लिहिलं तरी मुख्य राहिलंच आहे.

मम्मी

यवतमाळ
२ एप्रिल २०२५

प्रेरणा,

या पाकिटावर बाहेरून मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे: चिठ्ठी ममताने लिहिली नव्हती. तू पाकिटं फोडत नाहीस म्हणून बाहेर लिहिलं. पोस्टमनने वाचलं तरी चालेल, तुझ्या सासूबाईंनी वाचलं तरी चालेल. तुझं मी सगळ्यांसमोर वाचलं होतं.

शनिवारी ममताकडे गेले. ती क्वार्टरसमोर स्कूटी धूत होती. मला बघून पाइप बंद केला.

"या, बाई. चहा ठेवू का भांडाले आल्या?"

ती अजून मला बाई म्हणते. आठवीला माझ्या वर्गात होती, तुझ्याच बाकावर. मी म्हटलं, चहा नको. उभ्यानेच सांगते.

ती म्हणाली, "नका सांगू. मले माहीत हाय."

"काय माहीत आहे?"

"कागद कोरा होता, बाई."

तिने स्कूटीवरून फडकं फिरवलं आणि माझ्याकडे न बघता बोलली. "तिसऱ्या बाकावर बसतो ना आम्ही. तुमच्या मांगं पूर्वेची खिडकी. सकाळचं ऊन येते, अन् तुमी चिठ्ठी धरली का शाई इकडून उलटी दिसते. तीन चिठ्ठ्याईची दिसली. चौथीवर काईच नव्हतं. अन् तुमी वाचूनच राह्यल्या, वाचूनच राह्यल्या."

"मग बोलली का नाहीस?"

"कोणाजवळ बोलू? शीलाबाई खोटं बोलते, हे यवतमाळात कोण मानीन? प्रेरणाले सांगितलं होतं मी, का मी नाई लिहिली. ते म्हणे, मंग काय मम्मीनं लिहिली? अन् हसली. त्याच्यावर मी काय बोलू?"

तू हसलीस. ती शंका तुला हसण्यासारखी वाटली, इतका तुझा माझ्यावर भरवसा होता. सातवीत तू गुणपत्रिकेवर पप्पांची सही केली होतीस. मी तुला उपाशी ठेवलं होतं आणि म्हटलं होतं, या घरात खोटं शिजत नाही. ते तू विसरली नाहीस.

आता मुख्य. चिठ्ठी माझी. शनिवारी संध्याकाळी तू फोनवर रडत सांगितलंस, कोणाला सांगू नकोस म्हणालीस, आणि मी हो म्हटलं. रविवारी पेटीत तीन चिठ्ठ्या होत्या. चौथा कागद मी घरून आणला होता. कोरा, चौकोनी कापलेला, पर्समध्ये. शब्द रात्रीच जुळवून ठेवले होते. ऐनवेळी सुचलं असं म्हणणार नाही. कागदावर उतरवले नाहीत, कारण माझं अक्षर मंडळीत सगळे ओळखतात.

मंडळीने प्रार्थना करावी असं मला वाटत होतं, असं स्वतःला सांगितलं होतं. तेही खरं नाही. मला सत्तर माणसं तुझ्या वाटेत उभी करायची होती. तू लाजेने थांबशील असं वाटलं. तू थांबली नाहीस, आणि मग मी ममताला त्या संशयात उभं राहू दिलं. सहा महिने.

अडवलं का, तेही सांगते. तू तो निर्णय शांत मनाने घेऊ शकली असतीस, तर माझ्या साक्षीतल्या बाईचं काय झालं असतं? ती बाई मला माझ्या मुलापेक्षा जवळची झाली होती.

आता तुला वाटेल, मम्मी म्हणणार तू केलंस ते बरोबर. ते माझ्या तोंडून निघणार नाही. मूल देवाचं असतं, पहिल्या दिवसापासून, हे मी मानते आणि मानतच मरेन. आपल्या चर्चच्या पाळकांशी यावर मी रात्रंदिवस वाद घालू शकते. पण तू चौदा तासांनी तिला छातीशी घेतलंस, नाव दिलंस, पुरायला जागा मागितलीस. मी पूर्ण दिवसांच्या मुलाला म्हटलं, घेऊन जा. आपल्या दोघींतल्या कोणी मूल देवाचं मानलं, हे मला आता ठरवता येत नाही. तुला पापी म्हणणारी मी कोण, एवढंच विचारते, आणि उत्तर मला माहीत आहे.

क्षमा मागायची रीत असते. आधी ज्याचं नुकसान केलं त्याचं भरून द्यायचं. ममताला मी तिच्या दारात, शेजारणी बघत असताना मागितली. ती म्हणाली, "बसा आता. चहा घ्या." मी बसले. तुझं कसं भरून द्यायचं ते मला येत नाही. पंधरा तारखेला तू एकटी जाऊ नकोस, एवढ्यासाठी हे पत्र. मला बोलावू नकोस. तिला बोलाव.

मम्मी

यवतमाळ
१३ एप्रिल २०२५

प्रेरणा,

आज ईस्टरआधीचा, झावळ्यांचा रविवार होता. थोडक्यात लिहिते.

काल पाळकांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "बाई, हे पंचकमिटीत मिटवू. उपासनेत कशाला? आपल्या मंडळीचं नाव आहे." मी म्हटलं, जे उपासनेत बिघडवलं ते कमिटीत दुरुस्त होत नाही.

चिठ्ठ्यांची वेळ झाली तेव्हा पुढे गेले. पेटी उघडली नाही. पर्समधून कोरा कागद काढला, खिडकीच्या उजेडात धरला आणि म्हटलं, सप्टेंबरमध्ये मी हा वाचला होता. तुझं नाव घेतलं नाही. ममताचं घेतलं, कारण तिच्यावरचा आळ नावानिशी गेला पाहिजे. मग साक्षीचंही सांगितलं, भिंतीपर्यंत. कोणी रडलं नाही. लहान मुलं झावळ्या हलवत होती, तेवढाच आवाज होता.

बाहेर इंदुताईंनी गाठलं. पस्तीस वर्षं माझी साक्ष ऐकून डोळे पुसणारी बाई. म्हणाली, "शीला, मग ते सहा तास?"

मी म्हटलं, "ते कांताबाईंचे."

"कोण कांताबाई?"

तिला सांगितलं. ती पाठ फिरवून गेली. तिचा राग रास्त आहे. तिचा एक मुलगा गेला तेव्हा ती माझी साक्ष धरून उभी राहिली होती.

सेक्रेटरीपद सोडलं. प्रभुभोजनाच्या भाकरी-द्राक्षरसापासून दूर बसवावं, असं मीच लिहून दिलं. आपल्याकडे शिस्तीखालच्या माणसाला मागचा बाक देतात. या बाकावर मी आजवर चौघांना बसवलं आहे. तिथून वेदी दिसत नाही, खांब आडवा येतो. हे बसल्याशिवाय कळत नाही.

अश्वजितला फोन केला होता. शांतवनच्या शेजारची जागा मोकळी आहे, तुम्हाला हवी तेव्हा, कोणत्याही अटीशिवाय, असं सांगितलं. तो म्हणाला, "आता राहू द्या, मम्मी. माय रोज वावरात जाता-येता तिच्यापाशी थांबते. करमते तिले तिथं." मी बरं म्हटलं. उशीर झाल्यावर दिलेल्या जागेला कोण येणार?

परवा पंधरा. सकाळी उपाशी जाऊ नकोस.

मम्मी

यवतमाळ
२० एप्रिल २०२५

प्रेरणा,

आज ईस्टर. पहाटेची उपासना दफनभूमीत झाली, दर वर्षीसारखी. सगळ्यांनी आपापल्या कबरींवर फुलं ठेवली. मी शांतवनच्या कबरीवर पहिल्यांदा टोपरं ठेवलं, जुन्या लुगड्याचं. कांताबाईंनी शिवून दिलं. इंदुताईंनी लांबून पाहिलं.

नंतर चर्चमध्ये ममता भेटली. तिच्या अंगावर तुझी पिवळी ओढणी होती. मी ओळखली, मीच नागपूरहून आणली होती तुझ्यासाठी.

"गेली होतीस?"

"गेलती."

"दोघी?"

"दोघी. अश्वजितदादा बाहेर बसले होते."

"मग?"

ममताने माझा हात धरला. बारा वर्षं नर्स आहे ती. तिच्या चेहऱ्यावरून काही वाचता येत नाही, आणि मी वाचायचा प्रयत्न केला हे कबूल करते.

"तिनं सांगाले मना केलंय, बाई."

"बरं," मी म्हटलं. "नको सांगूस."

माझ्याकडे राहू नये अशीच ती गोष्ट आहे. चांगली असली तरी, वाईट असली तरी. तू बरोबर केलंस. हे एक मला निःशंकपणे म्हणता येतं.

चिठ्ठ्या आता इंदुताई वाचतात. चष्मा सापडत नव्हता म्हणून वेळ गेला. पहिली परीक्षेची होती, दुसरी कोणाच्या गुडघ्यांची. तिसरी त्यांनी उलटून पाहिली, आणखी काही लिहिलं आहे का म्हणून. मग वाचली: "आर्णीच्या एका घरासाठी प्रार्थना करा. कारण देवाला ठाऊक आहे."

एवढीच होती. खांबाआडून मला त्यांचे हात तेवढे दिसत होते. ती तू दिलीस, की ममताने टाकली, की अश्वजितने, मी विचारणार नाही. मंडळी उभी राहिली. मान कोणीच वळवली नाही.

मीही मागच्या बाकाशी उभी राहिले आणि, काय मागायचं ते ठाऊक नसताना, मागितलं.

मम्मी